नांव आणि जन्मभूमि : कोदोर्निऊ घराण्याचें फेनिल मद्य व नारायणगांवचा प्रयोग

द्राक्षमद्याला नांव त्याच्या जन्मभूमीवरून पडतें, हा नियम कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, सुराध्यक्षाच्या प्रकरणांत, सांगून ठेविला आहे. द्राक्षांच्या रसाचें होतें तें 'मधु'. त्याची ओळख त्याचा देशच करून देतो, म्हणून त्यास कापिशायन व हारहूरक अशीं नांवें, असा तेथील आशय. पाणिनीनेंही कापिशीवरून 'कापिशायन' हें रूप साधण्यासाठीं चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत (४.२.९९) स्वतंत्र सूत्र केलें, आणि काशिकाकारांनीं त्याचीं उदाहरणें दिलीं तीं मद्याचीं व द्राक्षाचींच. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेस असलेलें बेग्राम. अर्ध्या मात्रेच्या लाघवासाठीं झटणाऱ्या वैयाकरणास एका नगरीच्या नांवापायीं सूत्र खर्चीं घालावें लागलें, यावरून तें रूप त्या काळीं लोकांच्या तोंडीं किती रुळलें होतें हें उघड होतें.

या नियमाची कसोटी एका निराळ्याच मद्यावर घेऊन पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. बूच निघतांच फेंस घेऊन वर येणारें जें द्राक्षमद्य, त्यास व्यवहारांत सरसकट 'शॅम्पेन' म्हणतात. तें बरोबर नाहीं. कां, तें पुढें येईलच. आम्ही त्यास फेनिल मद्य म्हणूं. स्पेन देशांतील कोदोर्निऊ घराण्यानें दीडशें वर्षांपूर्वीं असें मद्य सिद्ध केलें; आणि विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत आपल्या पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवींही तें निघालें. पहिल्याचीं कागदपत्रें, इमारती व नांवें शाबूत आहेत. दुसऱ्याच्या कारखान्याचें नांवही आज फारसें कोणास आठवत नाहीं. मद्य प्यावें कीं न प्यावें हा येथें विषय नव्हे. आम्ही स्वतः वैद्यानें दिलेल्या द्राक्षासवापलीकडे कधीं गेलों नाहीं. एखादी वस्तु इतिहासांत टिकते कशी आणि बुडते कशी, एवढेंच पाहावयाचें आहे.

दख्खनला द्राक्षमद्य नवें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्याची गणना आहे. त्यांत इटलीच्या मद्यास पसंती अधिक, त्याखेरीज लाओदिकेआचें व अरबस्तानचें, अशी प्रतवारी दिली आहे. म्हणजे नांव येथेंही देशावरूनच. त्याच ग्रंथांत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, अशीं बाजाराचीं नगरें सांगितलीं आहेत. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं जें उत्खनन झालें, त्यांत भूमध्यसमुद्राकडील दोन कानांच्या मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. अशा खापरांची पुढें फेरतपासणी झाली, तेव्हां भारतांतील अनेक स्थळांचीं 'रोमन' म्हणून नोंदलेलीं खापरें वस्तुतः इराणी आखाताकडील निमुळत्या रांजणांचीं आहेत असें ठरलें. हा निवाडा बव्हंशीं मातीवरून झाला. मडक्यावर अक्षर नसलें तरी माती आपला देश सांगते.

याच मुलखांत द्राक्षाचा वेलही होता. इब्न बतूता १३४२ सालीं महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यास दिल्लीहून निघाला आणि वाटेंत दौलताबादेस आला. तेथें द्राक्षें व डाळिंबें होतात आणि वर्षांतून दोनदां फळतात, असें त्यानें नमूद केलें आहे. उत्तरेकडच्या प्रवाशास हें नवल वाटलें. आपल्या बागाइतदारास वाटणार नाहीं. युरोपांत वेल हिंवाळ्यांत झोपी जातो, दख्खनमध्यें तो झोपतच नाहीं. म्हणून येथें एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि दोन्हींवर फळ धरूं दिलें तर बतूत्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पूर्वीं हे वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत. हबशी, फकडी, भोकरी, साहेबी हीं जुन्या दख्खनी द्राक्षांचीं नांवें होत. हबशी हें रंगावरून व भोकरी हें भोकरीच्या फळावरून पडलेलें दिसतें. गांवाचें नांव त्यांतील एकासही नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आमच्या करमाडाहून पश्चिमेस दौलताबाद चाळीसेक किलोमीटर आहे. पूर्वेस जालना तालुक्यांतील कडवंची येथें १९९६ पासून पाणलोटाचीं कामें झालीं, शेततळीं बांधलीं गेलीं, आणि त्यांच्या आधारावर तें गांव द्राक्षांचें गांव झालें. परंतु हीं द्राक्षें पूर्वीं काय व आतां काय, खाण्याचीं आणि मनुके करण्याचीं. मद्य त्यांचें झालें नाहीं. मराठवाड्यांत सामान्य माणसाचें पेय म्हणजे मोहाचें व शिंदीचें. द्राक्ष हें अमीरउमरावांच्या बागेंतलें फळ. जुन्या दप्तरांत दौलताबादेकडील 'दारू'चे उल्लेख पाहून कोणी भलताच तर्क करूं नये, म्हणून येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. फार्शींत 'दारू' म्हणजे औषध. मराठींत त्याच शब्दाचा अर्थ एकीकडे मद्य व दुसरीकडे तोफेंत भरावयाची भुकटी असा दुहेरी झाला. किल्ल्याच्या जमाखर्चांत दारूचे मण दिसले, तर तेथें पिंपें नव्हे, बहुधा तोफा शोधाव्या.

आतां स्पेनकडे वळूं. त्या देशाच्या ईशान्येस कातालोनिया प्रांत. त्यांत बार्सेलोना शहराच्या पश्चिमेस पेनेदेस नांवाचा द्राक्षांचा टापू, आणि त्या टापूंत सान सादुर्नी दानोया हें लहानसें नगर. येथील कोदोर्निऊ घराण्याचा जुन्यांत जुना पुरावा १५५१ सालचा आहे. जाउमे कोदोर्निऊ नामक गृहस्थाच्या मिळकतीसंबंधींच्या कागदांत द्राक्षें पिळण्याचे घाणे, पिंपें व मद्य सांठविण्याचीं भांडीं यांचा उल्लेख येतो. त्या सालीं आपल्याकडे अहमदनगरास पहिला बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता व दौलताबादचा किल्ला त्याच्याच अमलाखालीं होता. दुसरा पुरावा १६५९ सालचा. त्या वर्षीं, म्हणजे प्रतापगडाखालीं अफझलखान पडला त्याच वर्षीं, या घराण्याची वारस कन्या आना कोदोर्निऊ हिचा विवाह मिकेल राव्हेंतोस याजशीं झाला. तेथपासून मालमत्ता राव्हेंतोस आडनांवाच्या वंशांत गेली; परंतु घराचें व मालाचें नांव मुलीच्या माहेरचेंच राहिलें. आपल्याकडे लग्न झालें कीं मुलीचें नांवदेखील बदलण्याची चाल. तेथें एका मुलीच्या माहेरचें नांव साडेतीनशें वर्षें व्यापारांत चाललें आहे.

दोनशें वर्षें हें घराणें इतर शेजाऱ्यांप्रमाणें साधें मद्य करीत होतें. १८७२ सालीं जुझेप राव्हेंतोस फातजो यानें फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतांतील पद्धतीनें फेनिल मद्य काढलें. पण त्यासाठीं फ्रान्सचीं द्राक्षें न आणतां आपल्याच शिवारांतलीं माकाबेओ, शारेल्लो व पारेल्यादा हीं तीन पांढरीं द्राक्षें वापरलीं. आमच्या मतें त्या घराण्याच्या टिकाऊपणाचें मूळ येथेंच आहे. रीत परकी, वेल घरचा. त्याचा पुत्र मान्वेल यानें १८८५ पासून कारभार हातीं घेऊन हा धंदा वाढविला. १८८७ सालीं पेनेदेसांत फायलोक्सेरा नांवाची कीड शिरली. द्राक्षाच्या मुळांवर बसणारी ही सूक्ष्म कीड अमेरिकेंतून युरोपांत आली होती आणि फ्रान्सच्या बागा तिनें आधींच उजाड केल्या होत्या. तिजवर एकच उपाय सांपडला, तो असा कीं अमेरिकन वेलाच्या मुळावर युरोपी डोळा बांधावयाचा. पेनेदेसच्या बागा याप्रमाणें नव्यानें लावल्या गेल्या, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं काळ्या द्राक्षांच्या जागीं फेनिल मद्यास लागणारीं पांढरीं द्राक्षें आलीं. आपल्याकडचा बागाइतदारही आज 'डॉगरिज' या अमेरिकन खुंटावर कलम बांधतो. मात्र त्याचें कारण कीड नसून पाण्याचा तुटवडा व जमिनीचा खारेपणा हें आहे.

मान्वेलनें जुझेप पुच इ कादाफाल्क या स्थपतीकडून १८९५ ते १९१५ या वीस वर्षांत मद्यशाळेच्या इमारती बांधविल्या. विटांच्या उंच कमानींची ती मोठी शाळा, आणि जमिनीखालीं एकावर एक पांच मजले खोल गेलेलीं तळघरें. भुयारांची एकूण लांबी सुमारें ३० किलोमीटर भरते. १९७६ सालीं स्पेन सरकारनें ही वास्तु राष्ट्रीय स्मारक ठरविली. १८९७ सालीं राज्यकारभार पाहणारी राणी मारिया क्रिस्तिना हिनें या घराण्यास राजवाड्यास मद्य पुरविण्याचा मान दिला. पुढच्याच वर्षीं घराण्यानें जाहिरातीच्या चित्रांची स्पर्धा लाविली, तींत रामोन कासास यासारख्या नामांकित चित्रकारांनीं भाग घेतला. हीं चित्रें आज संग्रहालयांत मोल पावतात. आणि त्यांवर कोदोर्निऊच्या जोडीस शब्द आहे तो 'शॅम्पेन'! ज्या शब्दावर पुढें खटला उभा राहिला, तो तेव्हां राजरोस वापरांत होता, याचा याहून चांगला दाखला नाहीं.

ही रीत थोडक्यांत सांगतों, कारण नांवांचा पुढील उलगडा तिजवर अवलंबून आहे. पहिल्या किण्वनानें साधें मद्य तयार होतें. निरनिराळ्या बागांचीं अशीं मद्यें मिसळून तीं बाटल्यांत भरतात, प्रत्येकींत थोडी साखर व किण्व (ज्यास हल्लीं यीस्ट म्हणतात) घालतात आणि बाटली बंद करितात. आंत दुसरें किण्वन होतें. त्यांतून निघणारा वायु बाहेर जाऊं शकत नाहीं, तो मद्यांतच मुरतो. बाटलींतील दाब बाहेरच्या हवेच्या पांचसहा पट होतो. आपला वैद्य धायटीचीं फुलें घालून आसव लावतो, तेव्हां आंतील खळखळ शमेपर्यंत भांड्याचें तोंड घट्ट करीत नाहीं, कारण तो वायु त्यास नको असतो. दोघांचें शास्त्र एक, एकाला जो अडथळा तोच दुसऱ्याचा माल. मेलेल्या किण्वाचा साका बाटलींत महिनोनमहिने राहूं देतात, त्यानें मद्यास चव येते. मग बाटली हळूहळू फिरवीत उपडी करितात. साका गळ्याशीं येतो. गळा गोठवून बूच काढतांच तो दाबानें उडून जातो. जी तूट आली ती भरतांना हवी तेवढी गोडी घालतात. या सर्वांस थंड, अंधारी, एकसारख्या उष्णतेची जागा लागते. तळघरें खोदावयाचीं तीं यासाठीं.

आतां नांवाचा खटला. शॅम्पेन हा फ्रान्समधील एका प्रांताचा शब्द. तेथील उत्पादकांचें म्हणणें असें कीं, आमच्या प्रांतांत जें झालें तेंच शॅम्पेन. इंग्लंडांत 'स्पॅनिश शॅम्पेन' या नांवानें एक मद्य विकलें जात असे. तें कातालोनियांतीलच पेरेलादा येथलें. बोलिंजे वगैरे फ्रेंच घराण्यांनीं तें विकणाऱ्या कोस्ता ब्राव्हा कंपनीवर दावा लाविला. १९६० सालीं न्या. डँकवर्ट्स यांनीं फ्रेंचांच्या बाजूनें निकाल दिला. एका मालकाचें नव्हे तर एका प्रांताच्या सर्व उत्पादकांचें मिळून नांव असूं शकतें, आणि तें परक्यानें वापरणें म्हणजे गिऱ्हाइकास फसविणें होय, असें तत्त्व त्या निकालानें इंग्रजी कायद्यांत बसलें. न्यायमूर्तींनीं कौटिल्य वाचला असण्याचा संभव नाहीं. पण 'मद्याची ओळख त्याचा देश' हेंच त्यांनीं ठरविलें. १९७३ सालीं फ्रान्स व स्पेन यांचा अशा नांवांच्या रक्षणासंबंधीं तहही झाला.

स्पेनच्या लोकांनीं मग नांव घेतलें 'काव्हा'. हा शब्द देशवाचक नव्हे. त्याचा अर्थ तळघर, गुहा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पोकळ. कांहीं व्युत्पत्तिकार त्याचा संबंध आपल्या 'शून्य' शब्दाच्या धातूशीं जोडतात. एकूण, मद्याला नांव मिळालें तें जेथें द्राक्ष पिकलें त्या भूमीवरून नव्हे, जेथें बाटली निजली त्या पोकळीवरून. त्याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. तळघर कोठेंही खोदतां येतें. पेनेदेसच्या बाहेर रिओखा, वालेन्सिया, अगदीं पोर्तुगालच्या सरहद्दीकडील एस्त्रेमादुरा येथील कांहीं गांवांनाही काव्हा करण्याचा अधिकार मिळाला, आणि स्वस्त मालानें नांवाची किंमत उतरली, अशी पेनेदेसकरांची तक्रार सुरू झाली. १८७२ च्या त्या राव्हेंतोस घराण्याच्याच एका शाखेनें २०१२ सालीं 'काव्हा' हें नांव टाकून दिलें. २०१९ सालीं आणखी नऊ उत्पादक बाहेर पडले. त्यांनीं आपल्या मद्यास 'कोरपिन्नात' असें नांव घेतलें. 'कोर' म्हणजे हृदय आणि 'पिन्नात' हें पेनेदेस या नांवाच्या लॅटिन मूळ रूपावरून साधलेलें. पेनेदेसच्या हृदयांत जन्मलेलें, असा अर्थ. कापिशीवरून कापिशायन साधणाऱ्या पाणिनीस हें रूप पाहून आनंद झाला असता.

मुख्य कोदोर्निऊ घर मात्र काव्हामध्येंच राहिलें, आणि त्यांच्या मालाच्या यादीकडे आम्ही एखाद्या बखरीप्रमाणें पाहतों. १९८४ सालीं त्यांनीं 'आना दे कोदोर्निऊ' हें मद्य काढलें. नांव अर्थातच १६५९ च्या त्या वधूचें. यांत प्रथमच फ्रान्सच्या शार्दोने या द्राक्षाचा भरणा केला. घरच्या तीन द्राक्षांचा अभिमान बाळगणाऱ्यांस तें रुचलें नाहीं, आणि त्यांचें म्हणणें आम्हांस पटतें; परंतु माल खपला. 'जाउमे कोदोर्निऊ' हें १५५१ च्या पूर्वजाचें नांव. 'रेना मारिया क्रिस्तिना' हें त्या राणीचें. तें काळ्या पिनो न्वार द्राक्षांपासून पांढरें काढलेलें मद्य, कारण द्राक्ष काळें असलें तरी रस पांढरा असतो व रंग सालींतून उतरतो. 'नॉन प्लस अल्ट्रा' हें आणखी एक जुनें नांव. सर्वांत मौजेचें नांव '४५६'. तीन निरनिराळ्या जागच्या मळ्यांचीं मद्यें मिसळून २००७ सालच्या सुगीचें एक उंची मद्य केलें, आणि १५५१ त ४५६ मिळविले म्हणजे २००७ होतात म्हणून त्यास तोच आंकडा नांव दिला. एका जुन्या कागदावरील साल बाटलीवर विकलें गेलें! कागद जपण्याचा असा रोकडा मोबदला आमच्या परिचयाच्या कोणाही दप्तरदारास मिळालेला नाहीं.

नांवाखालीं जीं इतर अक्षरें असतात तींही संग्राहकानें वाचावयास शिकलें पाहिजे. साध्या काव्ह्यास साक्यावर किमान ९ महिने राहावें लागतें, 'रिझर्व्हा'स १८ आणि 'ग्रान रिझर्व्हा'स ३०. गोडीचीं नांवें निराळीं : लिटरमागें साखर ३ ग्रॅमपर्यंत असून वरून मुळींच घातली नसेल तर 'ब्रूट नेचर', १२ पर्यंत 'ब्रूट', ३२ ते ५० 'सेमी-सेको' आणि त्यावर 'दुल्से' म्हणजे गोड. 'सेको' याचा शब्दार्थ कोरडें असा असतां त्यांत १७ पासून ३२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, हें ध्यानांत न ठेवल्यास घोटाळा होतो. जुन्या काळीं लोकांस गोड मद्य आवडे व त्या मानानें तें कोरडें होतें, एवढाच त्याचा उलगडा.

२०१८ सालीं या कंपनीचे बहुसंख्य भाग कार्लाइल या अमेरिकन भांडवलदार संस्थेकडे गेले. १५५१ पासून धरल्यास ४६७ वर्षांनीं घर परक्याच्या हातीं गेलें. तरी नांवें, इमारत आणि कागद यांस धक्का लागला नाहीं. किंबहुना विकत घेणाऱ्यानें मोल मोजलें तें मुख्यतः त्यांचेंच असावें.

आतां नारायणगांव. जुन्नर तालुक्यांत, पुणें-नाशिक रस्त्यावर, शिवनेरीपासून जवळच असलेलें हें गांव. येथें श्यामराव चौगुले या मुंबईच्या उद्योजकांनीं १९८२ च्या सुमारास फ्रान्समधील पायपर-हाइडसीक या शॅम्पेन घराण्याचें तांत्रिक साहाय्य घेऊन फेनिल मद्याचा कारखाना काढण्याचें मनांत आणलें. राफाएल ब्रिस्बा हा फ्रेंच मद्यतज्ज्ञ आला, जागा पाहिल्या गेल्या, शार्दोनेसारखे फ्रेंच वेल सह्याद्रीच्या पायथ्याशीं लाविले गेले, आणि त्या दशकाच्या मध्यास मद्य बाजारांत आलें. अडचण होती ती हवेची. फेनिल मद्यास आंबटपणा टिकलेलें द्राक्ष लागतें. फार पिकलें कीं काम बिघडतें. पेनेदेसांत तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरांत होते. येथें ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जानेवारी-फेब्रुवारीच्या थंड रात्रींचा फायदा घेऊन ऊन तापण्याच्या आंत तोडणी उरकावी लागते. इब्न बतूत्यास जें नवल वाटलें, त्याच न झोपणाऱ्या वेलाच्या स्वभावाचा हा हिशेबी उपयोग होय. दारूबंदीचा १९४९ चा कायदा पुस्तकांत असलेल्या राज्यांत असलें मद्य होऊन तें इंग्लंड-अमेरिकेंत विकलें जावें, ही गोष्ट लहान नव्हे. परदेशांतल्या जाणत्यांनीं त्याची वाखाणणीही केली.

आणि त्याचें नांव? परदेशांत 'उमर खय्याम'. स्वदेशांत 'मार्कीज द पाँपादूर'. एक नैशापूरचा फार्शी कवि व गणितज्ञ, दुसरी फ्रान्सच्या पंधराव्या लुईची प्रिय पात्र. कंपनीचें नांव 'शॅम्पेन इंडाज'. नांवांत शॅम्पेन आलें, फ्रान्सचा राजवाडा आला, इराण आला. नारायणगांव तेवढें आलें नाहीं. खय्यामचें नांव मराठी वाचकास परकें नव्हतें, हें कबूल. माधव जूलियन यांनीं १९२९ सालीं त्याच्या रुबाया मूळ फार्शीवरून मराठींत आणल्या आणि १९३१ सालीं इंग्रजी अवतारावरून 'द्राक्षकन्या' हें पुस्तक केलें. नारायणगांवच्या मालास 'द्राक्षकन्या' म्हटलें असतें तरी निदान भाषा तरी घरची राहिली असती. पण विकावयाचें होतें तें लंडनकरास, आणि लंडनकराच्या मनांतला पूर्वेकडचा प्यालेवाला कवि म्हणजे खय्याम. व्यापाराच्या दृष्टीनें निवड चुकली असें म्हणवत नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र ती महागांत पडली.

कारण कंपनीनें पुढें परदेशीं मद्यशाळा विकत घेण्यापर्यंत पसारा वाढविला, २००८ ची जागतिक मंदी आली, कर्जाचा भार असह्य झाला आणि कारखाना बुडाला. कोदोर्निऊ विकलें गेलें तेव्हां नांव उरलें. येथें माल थांबला त्या दिवशींच नांवाचा गांवाशीं असलेला संबंध तुटला, कारण तो नांवांत कधीं गुंफलाच नव्हता. आज तरुणांस विचारावें तर भारतांतील फेनिल मद्याची सुरुवात नाशिकपासून झाली असें ते सांगतात. नाशिकचा वांटा मोठा आहे, यांत शंका नाहीं. राज्य सरकारचें द्राक्षमद्याचें धोरण २००१ सालीं झालें, त्यानंतर तेथें मद्यशाळा वाढल्या, आणि दिंडोरीस मोएत-हेनेसी या फ्रेंच कंपनीनें 'शाँदों' या नांवाचें फेनिल मद्य २०१३ सालीं बाजारांत आणलें. फ्रेंच कंपनी स्वतः शॅम्पेनचा माल करणारी, परंतु दिंडोरीच्या बाटलीवर ती 'शॅम्पेन' हा शब्द घालीत नाहीं; आणि आपल्या मातींतल्या कंपनीनें तो पाटीवर मिरविला होता. 'नाशिक व्हॅली वाईन' हें नांव १९९९ च्या भौगोलिक उपदर्शनांच्या कायद्यान्वयें नोंदलें गेलें आहे. पैठणीस व जालन्याच्या मोसंबीसही तशी नोंद मिळाली. कौटिल्याचा नियम याप्रमाणें सरकारी नोंदवहींत परतला आहे.

नांव नेहमीं खरें बोलतेंच असें नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नाशिककडे 'शिराज' नांवाचें काळें द्राक्ष पुष्कळ लावितात. दिंडोरीचें गुलाबी फेनिल मद्य त्याचेंच. हें द्राक्ष इराणच्या शिराज शहराहून फ्रान्सला गेलें, अशी कथा सर्वत्र सांगत. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांतून शिराजी मद्याचे उल्लेख येतात, त्यामुळें कथेस बळ आलें. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस वेलांच्या अनुवंशाची परीक्षा झाली, तेव्हां या द्राक्षाचे आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्सचेच निघाले. सुरतेचें शिराजी हें खरोखर शिराजचें मद्य; नाशिकचें शिराज हें केवळ नामसादृश्य. तीनशें वर्षांनंतरच्या एखाद्या संशोधकानें दोहोंची सांगड घालून प्रबंध लिहूं नये म्हणून हें नमूद केलें.

राहतां राहिला नारायणगांवचा कागद. कोदोर्निऊचा इतिहास उभा आहे तो मिळकतीच्या एका मोजदादीवर, एका विवाहावर आणि भिंतीला डकविण्याच्या जाहिरातींवर; यांतला एकही कागद इतिहासासाठीं म्हणून लिहिलेला नव्हता. तसेच कागद नारायणगांवचेही असले पाहिजेत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, किंमतींचीं पत्रकें, निर्यातीचीं बिलें, वेल आणल्याच्या पावत्या, बागाइतदारांशीं झालेले द्राक्षपुरवठ्याचे करार, कामगारांच्या हजेऱ्या, इमारतीचे नकाशे, त्या वेळचे फोटो : हें सर्व चाळीस वर्षांच्या आंतबाहेरचें आहे आणि तें जुन्नर तालुक्यांतील घराघरांतून, माळ्यांवरून व रद्दीच्या दुकानांतून विखुरलेलें असणार. तेथें काम केलेलीं माणसें आज साठी-सत्तरींत आहेत. आपल्यापैकीं जे सभासद पोथ्यांच्या शोधार्थ जुन्नर, ओतूर, मंचर या बाजूस जात असतात, त्यांनीं शंभर वर्षांपूर्वींच्या रुमालाबरोबर याही चिठ्ठ्या मागाव्या. चिठ्ठी बाटलीवरून खरडून काढूं नये. बाटली कोमट पाण्यांत ठेवली असतां डिंक सुटतो. मागील बाजूची लहान चिठ्ठीही घ्यावी, कारण उत्पादकाचा पत्ता, घटक व परवान्याचा क्रमांक छापलेला असेल तर तो बहुधा तेथेंच. आणि नारायणगांव हें नांव सांपडलें तर त्याच लहान अक्षरांत सांपडेल.